जुना ईसीएम कशाने गेला?

२०२० च्या फेब्रुवारीतली ही गोष्ट आहे. सकाळी दुकान उघडायला गेलो, तेव्हा वडापची, म्हणजे सीटवर प्रवासी वाहणारी, एक जीप दोरीने ओढून आणून दारात लावलेली होती आणि तिचे मालक, पन्नाशी उलटलेले गृहस्थ, मांडीवर पुठ्ठ्याचे खोके घेऊन पायरीवर बसले होते. खोक्यात नवा कोरा ईसीएम होता, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या इंजेक्टरने किती डिझेल सोडायचे हे ठरवणारा इंजिनाचा संगणक. गाडी पंधरा दिवसांपासून अधूनमधून चालता चालता बंद पडत होती आणि आता सेल्फ फिरत असूनही इंजिन पकडत नव्हते. एका ठिकाणी स्कॅनर, म्हणजे गाडीतल्या संगणकांशी बोलून दोष वाचणारे यंत्र, लावून त्यांना "ईसीएम गेलाय, बदलावा लागेल" एवढेच सांगण्यात आले होते. त्यांनी भिशी उचलून तो आणला होता. दुसऱ्या दिवशी आटपाडीला वऱ्हाड न्यायचे भाडे त्यांनी धरले होते.

"मिस्त्री, एवढा बसवून द्या. दुपारपर्यंत होईल न्हवं?" ते म्हणाले.

सांगलीत मोटारींच्या वायरिंगचे काम करत मला तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती आणि त्या काळात मी एक नियम कसोशीने पाळत आलो होतो. जुना ईसीएम कशाने गेला हे हाती लागल्याशिवाय नव्याचे पाकीट फोडायचे नाही. हा डबा क्वचितच आपणहून जातो. बहुतेक वेळा बाहेरचे काहीतरी त्याला मारते, आणि ते बाहेरचे तसेच राहिले तर नव्याचीही तीच गत होते. मालकांना मी तसे सांगितले. ते गप्प राहिले, पण खोके काही त्यांनी मांडीवरून खाली ठेवले नाही.

स्कॅनर लावला. एबीएस, म्हणजे ब्रेकचा संगणक, बोलत होते, डॅशबोर्डवरचा मीटर बोलत होता, फक्त इंजिनाकडून उत्तर नव्हते. एवढ्यावरून ईसीएम मेला असे म्हणता येत नाही, कारण त्याला वीज किंवा अर्थिंग मिळत नसेल, तरीही तो असाच मुका राहतो. गाडीतले संगणक दोन तारांवरून एकमेकांना संदेश देतात. बॅटरी सोडवून, स्कॅनर जिथे लावतात त्या निदानाच्या कपलरमधील (तारांच्या जोडखोबणीतील) त्या तारांच्या, म्हणजे ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये रोध मोजला, तो ६० ओहम आला. ईसीएमचा कपलर काढल्यावर १२० झाला. या दोन तारांच्या दोन टोकांना १२० ओहमचे एकेक रोधक असतात आणि त्यांतला एक या गाडीत ईसीएमच्या पोटात आहे, त्यामुळे संदेशाच्या तारा धड आहेत एवढे नक्की झाले.

मग बॅटरी पुन्हा जोडून कपलरवर वीज तपासली. इथे पुष्कळ जण फसतात. मल्टीमीटर साडेबारा व्होल्ट दाखवतो आणि माणूस पुढे सरकतो. पण तारेचा एकच धागा शाबूत असला, तरीही मीटर तेवढेच दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. म्हणून मी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावून बघतो. दोन्ही सप्लायवर बल्ब लख्ख पेटला, मात्र एका अर्थिंगवर तो निखाऱ्यासारखा तांबूस झाला. ती तार बॅटरीच्या ट्रेमागे चासीला जोडलेली होती. तिचा लग, म्हणजे टोकाची धातूची कडी, खोलला, तर त्याखाली गंजाचा पापुद्रा निघाला. घासून, नवा लग लावून जोडणी पक्की केली, बल्ब नीट पेटला, पण ईसीएम बोलला नाही. शेवटी सगळ्या सेन्सरचे कपलर काढून ठेवले आणि ईसीएम सेन्सरना जो ५ व्होल्टचा पुरवठा करतो, तो मोजला. शून्य. एखादा सेन्सर शॉर्ट झाला, तर तो हा पुरवठा खाली ओढतो, पण आता ओढणारे कोणी उरलेलेच नव्हते. ईसीएम खरोखरच गेला होता. आधी सांगणाऱ्याचे निदान बरोबर होते, फक्त ते अर्ध्यावर थांबले होते.

फ्यूजबॉक्सचे झाकण काढताना आतल्या कडेला मातकट रंगाची एक बारीक रेघ दिसली. पुसली तर बोटाला गाळ लागला.

"मामा, गाडी पुरात होती का?"

"होती. तीन दिवस बॉनेटच्या वर पाणी होतं."

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती; धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्यानंतरच्या महिन्यांत माझ्याकडे आलेल्या कितीतरी गाड्या धुऊन, वाळवून, ऑइल बदलून चालू झालेल्या होत्या, आणि मग चार-सहा महिन्यांनी एकेक करून बंद पडत होत्या. पाणी ओसरले तरी ते तारेच्या आत राहते. वातीत तेल चढावे, तसे ते तांब्याच्या बारीक धाग्यांमधून चढत जाते आणि वरून प्लॅस्टिक असल्यामुळे वाळत नाही.

ईसीएमच्या कपलरच्या पिना भिंगाखाली धरल्या. सगळ्या पिवळसर चकचकीत होत्या, एकच हिरवी पडली होती. तिच्या तारेचे प्लॅस्टिक बोटभर सोलले. आतले तांबे काळे पडले होते आणि चिमटीत धरताच त्याचा भुगा झाला. ती रेल प्रेशर सेन्सरला, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरला, ५ व्होल्ट नेणारी तार होती. तिचा माग काढत लूमवरची, म्हणजे तारांच्या जुडग्यावरची, टेप उलगडत गेलो आणि बॅटरीच्या ट्रेखाली नेमकी जागा सापडली. पुरानंतर कोणीतरी तिथे दोन तारा तोडून, नुसता पीळ देऊन पुन्हा जोडल्या होत्या आणि दोन्ही जोड एकाच टेपमध्ये गुंडाळले होते. टेपचा चिकट राळ झाला होता, आत ओल होती, आणि त्या ओलीत ५ व्होल्टची ही तार आणि बॅटरीचा कायमचा सप्लाय नेणारी तार एकमेकींना टेकलेल्या होत्या. पाच व्होल्टच्या वाटेने बारा व्होल्ट आत जात होते. सकाळी आल्या आल्या मी नवा ईसीएम लावला असता, तर त्याच्या आयुष्याचा हिशेब मिनिटांत करावा लागला असता.

मालकांना वाकवून ती जागा दाखवली. बराच वेळ बघून त्यांनी खोके बाकड्यावर ठेवले आणि म्हणाले, "करा तुमच्या पद्धतीनं."

दोन्ही तारा निरोगी तांबे लागेपर्यंत कापल्या, नवे तुकडे घेऊन सोल्डर केले, आतून गोंद असलेल्या उष्णतेने आवळणाऱ्या नळ्या वेगवेगळ्या चढवल्या आणि दोन्ही जोड एकमेकांपासून वीतभर दूर ठेवले. हिरवी पिनही बदलली. मग मालकांच्या हाताने पाकीट फोडले.

नवा ईसीएम कोरा असतो, त्याला ही गाडी कोणती हे ठाऊक नसते. चासी क्रमांक, गाडीचे सॉफ्टवेअर, चोरीविरोधी यंत्रणेची ओळख आणि प्रत्येक इंजेक्टरचा संकेतांक त्याला द्यावा लागतो. सारखे दिसणारे चार इंजेक्टर अगदी सारखे डिझेल कधीच सोडत नाहीत. तो फरक कारखान्यात मोजून संकेतांकाच्या रूपाने डोक्यावर कोरलेला असतो, आणि त्यावरून ईसीएम प्रत्येकाची उघडण्याची वेळ किंचित कमीजास्त करतो. माझ्या हाताखालच्या मुलाने डिझेलच्या फडक्याने डोकी पुसून आरशात बघत संकेतांक वाचले, मी वहीत लिहिले, मग मी वाचले आणि त्याने ताडून पाहिले. तिसऱ्यात त्याला "८" दिसला होता आणि मला "बी". ब्रशने घासल्यावर "बी" निघाला.

सॉफ्टवेअर भरताना व्होल्टेज पडले तर नवा ईसीएम अर्धवट भरून निकामी होऊ शकतो, म्हणून मी चार्जर लावतोच, शिवाय दुसरी बॅटरीही आधीच समांतर जोडून ठेवतो. पडद्यावर ६२ टक्के झाले असताना वीज गेली. दुकानात अंधार, लॅपटॉपचा उजेड आणि चौघांचे श्वास. मीटर १२.४ वर येऊन थांबला आणि तिथेच राहिला. अकरा मिनिटे कोणी बोलले नाही, गाडीचे दारही कोणी उघडू दिले नाही. भरून झाले तेव्हा मालकांनी कपाळाला हात लावून नमस्कार केला.

किल्ल्यांची ओळख करून द्यायला दोन्ही किल्ल्या लागत होत्या आणि दुसरी त्यांच्या घरी होती. पुतण्या मोटरसायकलवर ती घेऊन आला. त्यासाठी लागणारा गोपनीय क्रमांक अधिकृत सेवा केंद्राने आरसी बुक आणि ओळखपत्र तपासून दुपारीच दिला होता. संध्याकाळी सात वाजता चावी फिरवली. दुसऱ्या फेऱ्यालाच इंजिनाने पकडले, थोडे थरथरले आणि लयीत आले. तासगावपर्यंत जाऊन आलो, परत आल्यावर ट्रेवर बादलीभर पाणी ओतून पुन्हा स्कॅनर लावला. एकही दोष नोंदवलेला नव्हता.

पैसे देऊन झाल्यावर मामांनी जुना ईसीएम मागितला नाही, पण ती काळी पडलेली तार मागितली. बोटभराचा तो तुकडा कागदात गुंडाळून त्यांनी खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला, तेव्हा मागे सनई-चौघडा वाजत होता.