ए आणि बी

महिन्याची एक तारीख ही एटीएम स्विच, म्हणजे एटीएमचे व्यवहार बँकेपर्यंत पोचवणारे मधले यंत्र, सांभाळणाऱ्यांची परीक्षाच असते. पगार जमा झालेले असतात, एटीएमपुढे रांगा लागलेल्या असतात आणि आमच्या खोलीत चहासुद्धा पाळीपाळीने घेतला जातो. अशाच एका एक तारखेला दुपारी कन्सोलवर संदेश आला, की चारपैकी एक प्रोसेसर बंद पडला आहे. मी धसकून व्यवहारांच्या आकड्याकडे पाहिले. तो क्षणभर अडखळला आणि पुन्हा पळू लागला. एकाही शाखेतून फोन आला नाही.

आमचे यंत्र ‘नॉनस्टॉप’ घराण्यातले. टँडेम कंपनीने 1976 साली या घडणीचे पहिले यंत्र ग्राहकाला दिले, तेव्हापासूनचे सूत्र असे, की महत्त्वाच्या प्रत्येक प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रॅमची, जोडी असते. एक काम करते आणि दुसरी, वेगळ्या प्रोसेसरवर बसून, पहिलीचे काम कुठवर आले याची नोंद ठेवत राहते. पहिली गेली, की दुसरी तिथूनच पुढे सुरू करते, आणि अर्धवट राहिलेल्या नोंदी मागे फिरवल्या जातात. डिस्कही जोडीने असतात. 99.999 टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाकाठी जेमतेम सव्वापाच मिनिटांची बंदी, आणि त्यातला एक सेकंदही आम्ही खर्चला नव्हता. त्या दुपारी मी, खरे सांगायचे तर, जरा मिरवतच होतो.

रात्री गर्दी ओसरल्यावर इंजिनिअर बोर्ड बदलायला आले. चालू यंत्राला हात लावण्यापूर्वी ते म्हणाले, “साहेब, पॉवर कुठून येते ते एकदा बघू या.” मला त्याचा रागच आला. रॅकच्या मागे दोन केबलींवर ‘ए’ आणि ‘बी’ अशा पिवळ्या चिठ्ठ्या स्वच्छ दिसत होत्या; ‘ए’ म्हणजे पहिल्या यूपीएसची वीज, ‘बी’ म्हणजे दुसऱ्याची. तरी त्यांनी सक्शन कप लावून फरशी उचलली आणि टॉर्चच्या उजेडात केबल चाचपत ते पुढे सरकू लागले. चौथ्या फरशीखाली दोन्ही केबली एकाच पॅनेलकडे वळल्या होत्या. दुसऱ्या यूपीएसच्या पॅनेलमधली आमची जागा रिकामी होती. येत्या रविवारी बॅटऱ्या बदलण्यासाठी पहिला यूपीएस बंद ठेवायचे ठरले होते, आणि त्या मंजुरीच्या कागदावर ‘स्विचवर परिणाम नाही’ हा शेराही पडला होता.

बोर्ड बदलायला फार वेळ लागला नाही. मंजुरी मिळवून, इलेक्ट्रिशियनला झोपेतून उठवून, ‘बी’ केबल दुसऱ्या पॅनेलला जोडेपर्यंत मात्र पहाटेचे साडेतीन वाजले. त्या केबलीवरची चिठ्ठी बदलावी लागली नाही. तिच्यावरचे अक्षर माझे होते, कागदावरच्या शेऱ्यासारखेच.