वकील, कोंबडा आणि पावाच्या गोळ्या

माझ्या ओळखीतले वकील जेवताना अशिलांचे किस्से सांगतात, नावं मात्र गिळतात. अठराव्या शतकातला लंडनचा वकील विल्यम हिकी याचं उलट. त्याच्या आठवणींत खटले राहिले बाजूला, कोण कुणाकडे जेवायला होतं आणि किती प्यायलं, हे सगळं नावानिशी!

त्याचे वडील जोसेफ हेही वकील. ऊठबस राजकारणी एडमंड बर्क, चित्रकार रेनॉल्ड्स अशा मंडळींत. याच कंपूवर कवी ऑलिव्हर गोल्डस्मिथने १७७४ मध्ये कविता केली. तीत प्रत्येक मित्र म्हणजे ताटातला पदार्थ: बर्क म्हणजे जीभ, वरून मेंदूची पखरण, रेनॉल्ड्स कोकराचं मटण, आणि जोसेफराव खस्सी केलेला गुबगुबीत कोंबडा. पुढे जिवंतपणीच त्यांचा मृत्युलेखही आहे. माणूस मोकळा, गमत्या. दोष एवढाच की वकील होता. मित्रांनी इतकं बोलावं आणि तरी पंगत मोडू नये, याचाच मला हेवा वाटतो.

विल्यम जन्मला १७४९ मध्ये. वडिलांच्या ऑफिसातले पैसे त्याने मौजमजेत उडवले, म्हणून १७६९ मध्ये त्याची ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला कॅडेट म्हणून मद्रासला पाठवणी झाली. पठ्ठ्या नोकरी न करताच चीनमार्गे घरी हजर! अखेर १७७७ मध्ये तो कलकत्त्याला आला आणि सुप्रीम कोर्टात ॲटर्नी म्हणून जम बसवला.

तिथल्या जेवणावळींत एक रानटी खेळ चाले. पावाचा मऊ गाभा बोटांनी वळून गोळ्या करायच्या आणि समोरच्याला टिपायचं. बायकाही यात मागे नसत. डॅनियल बारवेल नावाचे गृहस्थ तर तीन-चार यार्डांवरची मेणबत्ती गोळीने विझवत, असं हिकी लिहितो. काळे कोट, कज्जे, कोर्ट-फी यांच्यापेक्षा मला हे चित्र जास्त खरं वाटतं.

त्याच्या वकिलीतलं एकच अशील माझ्या लक्षात राहिलं: कर्जापायी तुरुंगात पडलेला, नावापुरता सारखा, नात्याने कुणी नसलेला जेम्स ऑगस्टस हिकी. याच गृहस्थाने जानेवारी १७८० मध्ये भारतातलं पहिलं छापील वृत्तपत्र काढलं, ‘बेंगॉल गॅझेट’. वकील हिकीने आपल्या आठवणी लिहिल्या त्या १८०८ मध्ये मायदेशी परतल्यावर, म्हातारपणी. छापखानेवाल्या हिकीला एवढा दम कुठला? कलकत्त्याच्या बड्या साहेबांना टोपणनावं देऊन तो दर शनिवारी त्यांची लक्तरं काढत होता.