आपण डॉक्टर आहात काय?

दुपारची जेवणं आटोपली, पंखा तीनवर केला, लॅपटॉप उघडला आणि स्वित्झर्लंडमधली बर्न ते लाउटरब्रुनन अशी गाडी शोधली, की पडद्यावर साधीशीच ओळ येते. इंटरलाकन ओस्टला गाडी बदला, मधे जेमतेम पाच-सात मिनिटं. दादरला मध्यवरून पश्चिमेला पूल ओलांडलेल्या माणसाला एवढं वाचूनच घाम फुटतो. त्यात हातात २३ किलोची बॅग.

पण घाबरण्याची जागा ती नव्हेच. स्टेशन लहान, गाड्या एकमेकींची वेळ सांभाळून लावलेल्या. खरी मेख पुढे आहे. इंटरलाकनहून निघणारी ती गाडी त्स्वायल्यूचिनन नावाच्या गावात दुभंगते, अर्धे डबे लाउटरब्रुननला आणि अर्धे ग्रिंडेलवाल्डला. चुकीच्या अर्ध्यात बसलात तर डोंगर तितकाच सुंदर दिसतो, फक्त हॉटेल दुसऱ्या दरीत राहतं. डब्यावरची पाटी वाचूनच चढायचं. आणि समजा गाडी चुकलीच, तर अर्ध्या तासाने पुढची. स्वित्झर्लंडचं साधं तिकीट गाडीला बांधलेलं नसतं, आसनाचं आरक्षणही लागत नाही. ग्लेशियर एक्सप्रेससारख्या मिरवायच्या गाड्यांची गोष्ट वेगळी, तिथे आरक्षण सक्तीचं.

आपलं सगळं शिक्षण तिकीट ‘मिळण्या’चं झालेलं असतं. ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता बोट माउसवर (१ नोव्हेंबर २०२४ पर्यंत हेच १२० दिवस होते), गणपतीत कोकणच्या गाड्यांची वेटिंग लिस्ट बघता बघता ‘रिग्रेट’ला टेकते, मग तत्काळ, मग कुणाच्या तरी ओळखीचा कुणीतरी. साध्या मेल-एक्सप्रेसला भाडं मात्र पहिल्याला आणि शेवटच्याला एकच. तिकडे गणित उलटं. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोसा, जर्मनीची आयसीई, या वेगवान गाड्यांत जागा बहुधा मिळते. संपतात ती स्वस्तातली तिकिटं. आणि स्वस्त म्हणजे बांधलेलं. जर्मनीत ‘स्पारप्राइस’ काढलंत की त्या दिवसाची तीच गाडी पकडायची. ‘फ्लेक्सप्राइस’ महाग, पण त्या दिवशीची कुठलीही गाडी चालते. विमान ज्या दिवशी उतरतं त्या दिवसासाठी स्पारप्राइस काढणं म्हणजे लगेजच्या पट्ट्यावर भरवसा ठेवणं. मी तरी ठेवणार नाही.

आता बदलाच्या गाड्यांचं. दोन गाड्यांची दोन वेगळी तिकिटं काढली की थोडे पैसे वाचतात कधी कधी, म्हणून मोह होतो. तो टाळावा. जर्मनीत एकाच तिकिटावर दोन्ही गाड्या असतील आणि मुक्कामी पोचायला किमान २० मिनिटं उशीर होणार असं दिसलं, तर गाडीचं बंधन सुटतं, पुढची पकडता येते. दोन वेगळ्या तिकिटांत दुसऱ्या गाडीला पहिलीच्या उशिराशी काही देणंघेणं नसतं.

स्टेशनच्या नावांत मुंबईकर फसायला नको खरं तर. ‘मुंबई’ म्हणून एलटीटीचं तिकीट काढलेले पाहुणे आपण कुर्ल्याहून आणलेले असतात. तरी फसतो. व्हेनिसची दोन. मेस्त्रे मुख्य भूमीवर, सांता लुचिया थेट कालव्याच्या काठाला. पॅरिसात मोठी टर्मिनस सात. गार द्यू नोरला उतरून गार द लिओंहून पुढची गाडी असेल तर मधे पाऊण-एक तास तरी हवा. इटलीत साध्या रीजनल गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं. नाही छापलं तर तिकीट खिशात असूनही दंड.

कार्डाचं सगळ्यात शेवटी आठवतं, आणि तिथेच गाडं अडतं. ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवी कार्डं फक्त देशातल्या व्यवहारांसाठी चालू होऊन येतात. परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आपणच सुरू करायचे, मर्यादाही तिथेच बघायची. हे आधी केलं नाही तर चार आसनं निवडून, नावं भरून, शेवटच्या पानावर नकार. पैसे भरताना ‘रुपयांत भरा’ असं आपुलकीने विचारलं तरी युरोतच भरावे, रुपयांचा दर ते त्यांच्या सोयीने लावतात. आणि ओटीपी येणारं भारतीय सिम प्रवासातही चालू हवं.

नावं भरताना मात्र हटकून जुना रिझर्व्हेशनचा फॉर्म आठवतो. दोऱ्याला बांधलेलं पेन, ते चालत नाही म्हणून मागच्याकडून मागितलेलं दुसरं. एका फॉर्मवर माणसं सहाच. सातव्यासाठी दुसरा फॉर्म, आणि सातवे नेहमी काका, त्यांना दुसऱ्या डब्यातला अप्पर बर्थ. आजीपुढे ‘लोअर’ ठळक लिहिलेलं. वर कोपऱ्यात तो प्रश्न: आपण डॉक्टर आहात काय? खूण करण्याजोगं घरात कुणी नसायचं, तरी प्रत्येक जण तो चौकोन बघून घ्यायचा.

परदेशी साइट नाव पासपोर्टप्रमाणे मागते. दिल्या नावाच्या रकान्यात वडिलांचं नावही छापलेलं असेल तर तेही लिहावं. जपानमध्ये शिनकान्सेनची, म्हणजे बुलेट ट्रेनची, आरक्षणं साधारणपणे महिनाभर आधी तिथल्या सकाळी १० वाजता उघडतात, म्हणजे इथे साडेसहा, दूधवाल्याची वेळ. तोक्योहून ओसाकाला जाताना फुजी उजवीकडे, साध्या डब्यात आसन ‘ई’. बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर सामानाच्या जागेसकटचं आसन घ्यावं लागतं, म्हणून आधी टेपने मोजून घ्या. एवढं सगळं ते विचारतात. डॉक्टर आहात का, हे मात्र कुणीच विचारत नाही.