पाणी जिथे स्वतःच भिंत बांधतं: प्लिटवित्सेच्या तळ्यांवरचा एक दिवस

प्लिटवित्सेला जायचं ठरलं की आधी एका गोष्टीचा निर्णय घ्यावा: तळी वरून खाली बघायची की खालून वर. क्रोएशियातल्या या राष्ट्रीय उद्यानाला दोन मुख्य प्रवेशद्वारं आहेत. झाग्रेबहून येणारी बस आधी एक नंबरच्या दारापाशी थांबते, आणि तिथून आत शिरल्यावर थोड्याच वेळात ७८ मीटर उंचीचा मोठा धबधबा समोर येतो. आम्ही, म्हणजे आई आणि मी, पुढच्या थांब्यावर दोन नंबरच्या दाराशी उतरलो. आईचं मत पक्कं होतं. "पाणी जाईल त्या दिशेने आपण जायचं." तिच्या गुडघ्यांसाठीही ते सोयीचं होतं, पण तिच्या मनात कारण वेगळं होतं. ती आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवत होती, आणि या तळ्यांबद्दल वाचल्यापासून तिला तो धडा पहिल्या पानापासून वाचायचा होता.

तिकिटं ऑनलाइन काढून ठेवली होती. तिकिटावर आत शिरायची वेळ छापलेली असते, आणि गर्दीच्या महिन्यांत ती पाळावीच लागते. आत वेगवेगळ्या लांबीचे मार्ग आखलेले आहेत आणि प्रत्येकाला रोमन लिपीतलं एकेक अक्षर आहे. आम्ही निवडलेला मार्ग 'एच'. त्यात उद्यानाची गाडी तुम्हाला वरच्या तळ्यांपाशी नेऊन सोडते, तिथून चालत खाली यायचं, मधलं मोठं तळं बोटीने पार करायचं, खालची तळी पायी बघायची आणि शेवटी पुन्हा गाडीने दाराशी परत. एकूण अंतर नऊ किलोमीटरच्या आसपास, त्यातलं बरंचसं उताराचं किंवा सपाट. गाडी आणि बोट दोन्हींचे पैसे प्रवेशाच्या तिकिटातच येतात.

ऑक्टोबरचा उत्तरार्ध होता. गाडी बीच नावाच्या झाडांच्या जंगलातून वर चढत होती आणि दोन्ही बाजूंची झाडं पिवळी, तांबूस, मध्येच फरची गडद हिरवी. या जंगलात अस्वलं, लांडगे आणि लिंक्स ही मोठी रानमांजरं राहतात. दिवसा माणसांच्या वाटेवर ते दिसत नाहीत, पण खिडकीबाहेर बघताना ते आहेत हे मनात असतं. उद्यानाचा विस्तार जवळजवळ ३०० चौरस किलोमीटर आहे, आणि तळी त्यातला अगदी छोटा भाग. बाकी सगळं जंगल.

वर उतरलो आणि पहिल्यांदा काय जाणवलं असेल तर आवाज. पाणी अजून दिसत नव्हतं, पण सगळीकडून ऐकू येत होतं. मग लाकडी वाट सुरू झाली. ओंडके आडवे टाकून केलेली ही पायवाट कधी काठाने जाते, कधी सरळ पाण्यावरून. बऱ्याच ठिकाणी तिला कठडा नाही. पावलाखालच्या फटींतून पाणी वाहताना दिसतं. लाकूड सकाळच्या दवाने ओलं होतं, म्हणून आईचा हात धरून हळू चाललो, आणि हळू चालल्यामुळेच बरंच काही दिसलं.

नाव असलेली तळी सोळा. त्यांतली बारा वरची, चार खालची. सगळ्यांत वरचं प्रोश्चान्स्को समुद्रसपाटीपासून साधारण ६३६ मीटरवर, आणि सगळ्यांत खालचं साधारण ५०३ मीटरवर. मधल्या सव्वाशेहून अधिक मीटरांच्या उतारावर एक तळं भरून वाहतं, ते दुसऱ्यात पडतं, दुसरं तिसऱ्यात. दोन तळ्यांच्या मध्ये जी भिंत असते ती कोणी बांधलेली नाही. ती पाण्याने बांधली आहे, आणि अजून बांधतंय.

गालोवात्स तळ्यापाशी आई थांबली. पाण्यात एक पडलेलं झाड होतं, मुळापासून शेंड्यापर्यंत पांढुरकं, चुना फासल्यासारखं. पाणी इतकं नितळ की खोलवरच्या फांद्यासुद्धा मोजता येत होत्या.

"चुन्याची निवळी आठवते का गं तुला?" आईने विचारलं.

"नळीने फुंकलं की दुधाळ व्हायची ती?"

"हो. आणि फुंकतच राहिलं तर?"

"परत स्वच्छ व्हायची."

"ते स्वच्छ झालेलं पाणी म्हणजे हे. आता उलटा प्रयोग बघ."

आणि तिने तिथे, त्या ओल्या लाकडांवर उभं राहून मला जे सांगितलं ते इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा नीट कळलं. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. या भागातले डोंगर चुनखडीचे आणि डोलोमाइटचे, ते या पाण्यात विरघळतात. हे विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट घेऊन झरे वर येतात, तेव्हा पाणी नितळ दिसतं. मग ते उतारावर आदळतं, फुटतं, त्याचे तुषार उडतात, आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निसटतो. तो गेला की चुना पाण्यात राहू शकत नाही. त्याचे बारीक स्फटिक होतात आणि जे सापडेल त्याला चिकटतात: फांदीला, दगडाला, पानाला, सगळ्यांत जास्त शेवाळाला.

शेवाळ इथे खरं कामकरी आहे. धबधब्याच्या तोंडाशी, जिथे पाणी सर्वांत जोरात फुटतं, तिथेच ते दाट वाढतं. शेवाळावर जिवाणू आणि सूक्ष्म शैवालं असतात, त्यांचा चिकट थर स्फटिकांना धरून ठेवतो. खालचा भाग दगड होत जातो आणि वरचं हिरवं टोक उजेडाकडे वाढत राहतं. या सच्छिद्र दगडाला ट्रॅव्हर्टाइन म्हणतात. भिंत वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढते. भिंत उंच झाली की मागचं पाणी चढतं, तळं मोठं होतं, आणि पाणी कधीकधी नवीच वाट काढतं. मग जुना धबधबा सुकतो आणि त्याच्या कपाळावर झाडं उगवतात. असे सुकलेले धबधबे वाटेत अनेक लागतात. एकदा ओळखायला शिकलं की ते जागोजागी दिसू लागतात. आज ज्या भिंतींवरून पाणी पडतंय त्यांचं बांधकाम शेवटचं हिमयुग संपल्यावर, गेल्या सहासात हजार वर्षांत झालेलं आहे.

या बांधकामात वनस्पतींचा हात आहे हे गेल्या शतकाच्या पूर्वार्धात इवो पेवालेक या क्रोएशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. १९४९ साली हा भाग राष्ट्रीय उद्यान झाला आणि १९७९ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात आला. पाण्यात सेंद्रिय घाण वाढली तर स्फटिक तयार होणं मंदावतं किंवा थांबतं, म्हणजे भिंतच थांबते. म्हणून इथे पोहायला पूर्ण बंदी आहे. उन्हाळ्यात त्या निळ्या पाण्याच्या काठी उभं राहून या नियमावर नाराज होणारे बरेच असतात. मला हा नियम मनापासून पटतो. वाटेवरून खाली पाय न टाकण्याचा नियमही तसाच. तुम्ही शेवाळावर पाय दिलात तर ज्या टोकाने अजून वाढायचं आहे तेच टोक चिरडलं जातं.

गालोवात्सच्या खाली वेलिकी प्रश्तावात्स हा २८ मीटरांचा धबधबा आहे. एकच धार नाही, रुंद कड्यावरून शेकडो धारा, शेवाळातून गळत, झिरपत, कोसळत. वरच्या तळ्यांमधली माझी सगळ्यांत आवडती जागा हीच. तिथे आम्ही खूप वेळ बसलो. आई काही बोलत नव्हती, आणि ती शिकवत नसताना इतकी आनंदात मी तिला क्वचित पाहिली आहे.

ग्रादिन्स्को तळ्याच्या काठाने खाली आलो आणि कोझ्याकवरच्या बोटीच्या धक्क्यावर पोहोचलो. कोझ्याक हे या सगळ्यांतलं सर्वांत मोठं आणि सर्वांत खोल तळं: पसारा ८० हेक्टरांहून थोडा जास्त, खोली ४५ मीटरांच्या वर. इथे थोडी रांग लागली, ती उन्हाळ्यात फार लांब होते म्हणतात. बोटी विजेवर चालतात. इंजिनाची घरघर नाही, तेलाचा वास नाही. बोट निघाली आणि दिवसभर कानात भरलेला धबधब्यांचा आवाज एकदम मागे पडला.

सफर वीसेक मिनिटांची. लोक या वेळात फोटो काढतात, आणि काढावेतच, कारण दोन्ही काठांचं पिवळं जंगल पाण्यात पूर्ण उतरलेलं असतं. पण मला सांगायचंय ते पाण्याखालचं. कोझ्याक पूर्वी एक तळं नव्हतं, दोन होती. मध्ये एक ट्रॅव्हर्टाइनची भिंत होती आणि तिच्यावरून धबधबा पडत होता. खालच्या टोकाची भिंत अधिक वेगाने वाढली, पाणी चढत गेलं आणि मधली भिंत धबधब्यासकट बुडाली. ती आजही तळ्याच्या पोटात उभी आहे. आईला हे सांगितलं तेव्हा तिने बोटीच्या कडेवरून वाकून खाली बघितलं. पाण्याचा रंग मध्यावर गडद निळा होता, काठाशी हिरवट. उजेडाचा कोन, खोली, पाण्यातले क्षार आणि सूक्ष्म जीव यांच्यावर हा रंग ठरतो, म्हणून तो तासातासाला बदलतो.

तळ्यात एक छोटं बेट आहे, श्तेफानिया बेट. ऑस्ट्रियाचा युवराज रुडॉल्फ याची पत्नी स्टेफनी १८८८ साली इथे आली होती, तिच्या नावाचं. तेव्हापासूनच इथे प्रवासी येत आहेत. आणि याच उद्यानात ३१ मार्च १९९१ रोजी, ईस्टरच्या दिवशी, गोळीबार झाला आणि क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धातले पहिले बळी पडले. पुढची काही वर्षं हा परिसर क्रोएशियाच्या ताब्यात नव्हता, आजूबाजूला सुरुंग पेरले गेले, आणि १९९२ ते १९९७ या काळात युनेस्कोच्या धोक्यातल्या वारशाच्या यादीत प्लिटवित्सेचं नाव होतं. बोटीतल्या शांततेत मला हे सतत आठवत होतं. वर माणसं एकमेकांना मारत होती त्या वर्षांतही शेवाळावर चुना बसतच होता.

पलीकडच्या धक्क्यावर मोठी हिरवळ आहे, बसायला बाकं आहेत, स्वच्छतागृह आहे. वयस्कर माणसं सोबत असतील तर इथे निवांत थांबावं, कारण पुढचा टप्पा वेगळा आहे.

वेगळा म्हणजे खडकच बदलतो. वरची तळी डोलोमाइटवर आहेत, त्यातून पाणी सहजी झिरपत नाही, त्यामुळे काठ सौम्य आणि तळी पसरट. खालची चार तळी, मिलानोवात्स, गावानोवात्स, कालुजेरोवात्स आणि नोवाकोविचा ब्रोद, चुनखडीत कोरलेल्या घळीत आहेत. दोन्ही बाजूंना उभे पांढरे कडे. पाणी इथे वरच्यापेक्षा अधिक हिरवं वाटतं. एका धबधब्याला मिल्का त्रनिना या ऑपेरा गायिकेचं नाव आहे. तिने आपल्या एका मैफिलीचं उत्पन्न या तळ्यांच्या जपणुकीसाठी दिलं होतं. काठाशी माशांचे थवे स्थिर उभे असतात, बदकं त्यांच्यावरून फिरतात. कालुजेरोवात्सच्या वर शुप्ल्यारा नावाची गुहा आहे, तिच्याकडे जाणाऱ्या पायऱ्या उभ्या आणि अरुंद. आई खाली बाकावर बसली, मी वर जाऊन आले. गुहेच्या तोंडातून तळं दिसतं तेव्हा भिंतीची वक्र रेघ स्पष्ट कळते.

शेवटच्या तळ्यानंतर मोठा धबधबा, वेलिकी स्लाप. गंमत अशी की ७८ मीटरांवरून पडणारं हे पाणी तळ्यांचं नाहीच. ते प्लिटवित्सा नावाच्या ओढ्याचं, बाजूच्या पठारावरून येणारं. तळ्यांचं पाणी आणि ओढ्याचं पाणी इथे एकत्र होतं आणि कोराना नदी सुरू होते. इथे गर्दी सर्वांत जास्त. एवढ्या उंचीवरून पडूनही हा धबधबा मला वरच्या प्रश्तावात्सइतका भावला नाही. त्याची उंची बघायची असते, प्रश्तावात्समध्ये शिरून बघायचं असतं.

मग एकच खरी चढण. घळीच्या तळातून नागमोडी वाटेने काठावर यायचं. आईने ती चार-पाच ठिकाणी थांबत, पण न कुरकुरता पार केली. वरून खालच्या तळ्यांचं जे दृश्य दिसतं ते छायाचित्रांतून ओळखीचं असतं, पण दिवसभर पाण्यासोबत उतरून आल्यावर त्यातली प्रत्येक पायरी आपल्याला नावानिशी सांगता येते. काठाकाठाने चालत गेलं की गाडीचा थांबा, आणि तिथून परत दोन नंबरच्या दाराशी.

फलकांवर या मार्गाला चार ते सहा तास लिहिलेत. सत्तरीच्या माणसाच्या चालीने, बसत-बघत, आम्हाला जवळजवळ सगळा दिवस लागला. शरद ऋतूत शेवटची बोट आणि शेवटची गाडी लवकर असते, तेव्हा आत शिरतानाच वेळा विचारून घ्या. तळव्याला पकड असलेले बूट घाला. आणि वेळ कमी पडतोय असं वाटलं तर मोठ्या धबधब्यापाशी तो वाचवा, गालोवात्सपाशी नको. आई तर म्हणते की पुढच्या वेळी ती फक्त त्या पांढऱ्या झाडापाशीच बसणार आहे.