तुम्ही विचारलंत म्हणून: आर्किटेक्ट व्हायचंय, टोगॅफ करू का?

दर थोड्या दिवसांनी कोणीतरी हा प्रश्न विचारतंच. आठ-दहा वर्षं डेव्हलपमेंट झालेली असते, टीम लीडपण होऊन झालेलं असतं, मॅनेजर व्हायची इच्छा नसते, मग विचारतात की सॉफ्टवेअर आर्किटेक्ट व्हायचंय तर टोगॅफचं सर्टिफिकेट आधी घेऊ का, आणि कोडिंग सोडावं लागेल का. प्रत्येकाला घाईत दोन ओळी लिहून पाठवण्यापेक्षा एकदा बसून नीट लिहिते, कारण हे काम मला मनापासून आवडतं आणि चांगली माणसं यात येऊन वर्षभरात कंटाळून परत गेली की फार वाईट वाटतं.

टोगॅफचं आधी सांगून टाकते. करायचं तर करा, हरकत काहीच नाही. अख्ख्या संस्थेच्या सिस्टिम्सची रचना कशी आखायची यासाठीची, ओपन ग्रुप या संघटनेची ही चौकट, पहिली आवृत्ती 1995 ची, अमेरिकेच्या संरक्षण खात्याची टाफिम नावाची अशीच चौकट होती तिच्यावरून बेतलेली, आणि दहावी आवृत्ती 2022 ला आली. त्यातून तुम्हाला सगळ्यांना कळेल अशी भाषा मिळते, बिझनेस, डेटा, अ‍ॅप्लिकेशन आणि टेक्नॉलॉजी असे थर वेगळे करून बघायची सवय लागते, आणि आर्किटेक्चर तयार करायच्या पायऱ्यांचं एडीएम नावाचं जे चक्र आहे, ए पासून एच पर्यंतच्या फेजेस, ते एकदा समजलं की मोठं काम कुठून सुरू करायचं याचा अंदाज येतो. पण ते जसंच्या तसं राबवायचं नसतं, आपल्या संस्थेप्रमाणे कापून-बेतून घ्या असं टोगॅफच सांगतं. सर्टिफिकेटने सीव्ही पुढे सरकतो, पुढचं काम त्याने होत नाही.

मला विचाराल तर यापेक्षा महत्त्वाची गोष्ट या विषयाच्या इतिहासातच आहे. 1987 मध्ये जॉन झॅकमन यांचा लेख आयबीएमच्या सिस्टिम्स जर्नलमध्ये आला, एंटरप्राइझ आर्किटेक्चरची, म्हणजे अख्ख्या संस्थेच्या सिस्टिम्सचा एकत्र विचार करण्याची, सुरुवात बहुतेक जण तिथूनच धरतात. त्या लेखात त्यांनी तीनच प्रश्न मांडून दाखवले होते, काय, कसं आणि कुठे, म्हणजे डेटा, प्रोसेस आणि नेटवर्क. कोण, कधी आणि का हे तीन 1992 मध्ये जॉन सोवा यांच्यासोबतच्या लेखात आले. आजही बहुतेक कंपन्यांमध्ये हाच क्रम दिसतो. काय बांधलंय त्याचे डायग्राम सापडतात, कसं चालतं ते कोडमध्ये वाचता येतं, पण असं का केलं होतं ते सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. तो 'का' जपणं आणि नवा निर्णय घेताना तो सगळ्यांसमोर मांडणं, माझ्या मते आर्किटेक्टचं खरं काम हेच आहे, बाकी सगळं त्याच्यासाठी लागणारं साहित्य.

एक प्रसंग सांगते म्हणजे लक्षात येईल. एका संस्थेत जुनी सिस्टिम बंद करून नवी आणायची होती. इंटरफेसची, म्हणजे कुठल्या सिस्टिममधून कुठे काय जातं त्याची, यादी झाली, मायग्रेशन प्लॅन झाला, सगळ्यांच्या सह्या झाल्या. यादीत एक रात्रीची फाईल होती, जुन्या सिस्टिममधून अकाउंट्सला जाणारी, आणि तिच्यापुढे लिहिलं होतं 'वापरात नाही, बंद करा'. मी म्हटलं ती फाईल उघडणारं कोणी आहे का ते तरी बघू, आणि अकाउंट्समधल्या एका ताईंच्या शेजारी सकाळी जाऊन बसले. त्यांनी फाईल एक्सेलमध्ये उघडली, एका कॉलमवर फिल्टर लावला, ठरावीक प्रकारच्या परताव्यांची तारीख हाताने मागच्या महिन्यात नेली, सेव्ह केली आणि पुढे पाठवली. मी विचारलं हे का करता, तर म्हणाल्या, अहो नाहीतर महिनाअखेरीचा ताळा जुळतच नाही, माझ्या आधीच्या मॅडमपण असंच करायच्या. म्हणजे त्या संस्थेचा एक खराखुरा बिझनेस रूल कुठल्याच सिस्टिममध्ये नव्हता, कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये नव्हता, तो त्या ताईंच्या हातात होता. फाईल बंद झाली असती तर पहिल्याच महिनाअखेरीला सगळे नव्या सिस्टिमला दोष देत बसले असते. असं काही टूलमध्ये दिसत नाही हो, त्यासाठी उठून माणसाजवळ जाऊन बसावं लागतं.

आता सोल्युशन आर्किटेक्ट आणि एंटरप्राइझ आर्किटेक्ट यात फरक काय, हेही बरेच जण विचारतात. थोडक्यात, पहिला एक प्रोजेक्ट नीट उभा राहील ते बघतो, दुसरा विचारतो की हा प्रोजेक्ट हवाय का, असलंच काही आपल्याकडे आधीपासून आहे का, आणि हे आलं तर बंद काय करायचं. बंद करण्याचा विषय कोणालाच आवडत नाही. गार्टनर या सल्लागार कंपनीचं टाइम म्हणून मॉडेल आहे, त्यात प्रत्येक अ‍ॅप्लिकेशन चारपैकी एका खान्यात टाकायचं, राहू द्या, पैसे घाला, दुसरीकडे हलवा किंवा काढून टाका. कागदावर सोपं आहे, पण शेवटच्या खान्यात काही टाकलं की त्या अ‍ॅप्लिकेशनवर वर्षानुवर्षं जीव लावलेली टीम समोर येऊन उभी राहते आणि तिच्याशी आदराने बोलता यायला हवं.

गणितही यायला हवं, फार नाही, पण हवं. 99.9 टक्के अपटाइम म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद, हे बहुतेकांना माहीत असतं. पण एका ऑर्डरच्या वाटेवर एकामागे एक अशा पाच सर्व्हिसेस असतील, प्रत्येकीचा अपटाइम 99.9, आणि पाचही चालू असल्याशिवाय ऑर्डर पुढे जात नसेल, तर अख्ख्या वाटेचा अपटाइम साधारण 99.5 होतो, म्हणजे वर्षाला जवळपास 44 तास. प्रत्येक टीमचा डॅशबोर्ड हिरवा आणि ग्राहक मात्र वैतागलेला, असं कसं होतं ते इथे कळतं. मीटिंगमध्ये हे फळ्यावर मांडून दाखवलं की मग चर्चा 'मायक्रोसर्व्हिसेस (अशा छोट्या-छोट्या सुट्या सर्व्हिसेस) चांगल्या की वाईट' यावरून 'ही पायरी ऑर्डर घेताना लगेच व्हायलाच हवी का, की मेसेज टाकून नंतर केली तर चालेल' यावर येते. मला या कामातला सगळ्यात आवडणारा क्षण हाच.

मग सुरुवात कशी करायची? आहात त्याच नोकरीत. पदनाम बदलायची वाट बघू नका, एडीआर लिहायला लागा. आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड, मायकेल नायगार्ड यांनी 2011 मध्ये मांडलेला साधा प्रकार आहे, एका निर्णयाला एक-दोन पानं, परिस्थिती काय होती, काय ठरवलं, आत्ता त्याची स्थिती काय आणि परिणाम काय होतील. परिणामांमध्ये वाईट परिणामही लिहायचे, तिथेच बहुतेक जण हात आखडता घेतात. 'ग्राहकाचा डेटा दोन्हीकडे ठेवतोय, कारण जुन्या सिस्टिमवर दिवसा लोड टाकता येत नाही, त्यामुळे पत्ता बदलला तर दुसरीकडे पंधरा मिनिटं जुनाच दिसेल, सपोर्ट टीमला कळवलंय' एवढं स्पष्ट लिहा. निर्णय पुढे बदलला तर जुना रेकॉर्ड पुसू नका, नवा लिहून जुन्यावर 'याची जागा अमुकने घेतली' अशी नोंद करा. वर्षभर हे केलंत तर लोक आपणहून विचारायला येतात, मी हे कितीतरी जणांच्या बाबतीत बघितलंय.

दुसरं म्हणजे दोन टीम्सच्या मधलं काम मागून घ्या. इंटिग्रेशन, डेटा मायग्रेशन, कोणालाच नको असतं ते. मेल्विन कॉनवे यांनी 1968 मध्येच लिहून ठेवलंय की संस्था जी सिस्टिम बनवते तिची रचना त्या संस्थेतल्या बोलण्या-चालण्याच्या रचनेसारखी होते, आणि ते वाचून पटण्यापेक्षा दोन टीम्सच्या मधे उभं राहून जास्त पटतं, कारण दिसतं की दोन सिस्टिम्सना जोडणारा एपीआय बिघडलाय तिथे बहुतेक वेळा दोन मॅनेजर एकमेकांशी धड बोलत नसतात.

आणि हो, पैशाची भाषा शिका, टाळू नका. लायसन्सचं बिल, क्लाउडचं बिल, जुनी सिस्टिम चालू ठेवण्याचा खर्च, नवी आल्यावर काही महिने दोन्ही चालवायचा खर्च, जो प्लॅनमध्ये हमखास विसरला जातो. फायनान्सवाल्यांना एका पानात समजावता आलं नाही तर कितीही सुंदर डिझाईन असू द्या, ते तिथेच अडकतं.

कोडिंग सोडू नका. रोज फीचर्स लिहायला वेळ मिळणार नाही हे खरं, पण कोड वाचत राहा, छोटे प्रोटोटाइप स्वतः करा, प्रॉडक्शनमध्ये काही कोसळलं तर त्या कॉलवर बसा. टीमला लगेच कळतं कोण फक्त चौकोन आणि बाण काढतंय आणि कोणाला आतलं ठाऊक आहे. आणि एखादा मोठा निर्णय घेतलात तर जमेल तितका काळ तिथेच थांबा, दोन-तीन वर्षांनी त्याचं काय झालं ते बघायला. दर वर्षी नोकरी बदलणाऱ्याला सुरुवाती भरपूर बघायला मिळतात, पण परिणाम दिसत नाहीत, आणि तुमचा अंदाज तयार होतो तो परिणामांवर.

शेवटचा प्रश्न असतो की आर्किटेक्ट म्हणून ऑफर आलीये, घेऊ का. इंटरव्ह्यूत तुम्हीही दोन गोष्टी विचारा. आर्किटेक्चर रिव्ह्यू, म्हणजे डिझाईनची तपासणी, प्रोजेक्टच्या कुठल्या टप्प्यावर होतो, बजेट ठरायच्या आधी की गो-लाइव्हच्या आठवडाभर आधी? आणि रिव्ह्यूने शेवटचा नकार कधी दिला, आणि त्यानंतर काय झालं? पहिल्याचं उत्तर 'आधी' असेल आणि दुसऱ्यावर ते एखादी खरी गोष्ट तपशिलात सांगत असतील तर पगार थोडा कमी असला तरी घ्या. नकाराचं एकही उदाहरण त्यांना आठवत नसेल तर तिथे तुम्हाला फक्त सहीपुरतं ठेवतील, त्यापेक्षा आहात तिथेच वर लिहिलेलं काम अजून वर्षभर करा.