सुकतीच्या वेळी खार दांड्याच्या खडकांवर

लहानपणी दादरच्या चौपाटीवर वेचलेल्या शिंपल्यांची माळ करताना आम्ही भोक असलेले शिंपले मुद्दाम निवडून घ्यायचो. दोरा ओवता यावा म्हणून समुद्रच ती भोके पाडून ठेवतो, असा माझा तेव्हा समज होता. त्यांतला एक शिंपला अजून माझ्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यात तो भिंगाखाली धरला, तेव्हा हे भोक लाटांच्या घासण्याने पडलेले नाही हे लगेच ध्यानात आले. ते अगदी गोल होते, बाहेरून रुंद आणि आत निमुळते होत गेलेले, सुताराने स्क्रूचे डोके बसवण्यासाठी लाकडात खळगी करावी तसे. ते एका शिकारी गोगलगाईचे काम होते. असा शिकारी प्रत्यक्ष पाहायचाच, असे ठरवून पौषातल्या अमावास्येला दुपारी मी खार दांड्याला निघाले.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जितके वर चढते तितकेच ते खालीही उतरते. मुंबईत या दिवसांत भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि सुकती संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. खार स्टेशनाहून रिक्षाने कोळीवाड्यात उतरले, बांबूच्या आडव्या काठ्यांवर वाळणाऱ्या बोंबलांच्या रांगांमधून वाट काढली आणि साडेचार वाजता, ओसरणाऱ्या पाण्याच्या मागोमाग, शेवाळलेल्या काळ्या खडकांवर पाऊल ठेवले.

पहिला शिकारी शोधावा लागला नाही. गुडघाभर पाण्याच्या एका घळीत राखाडी-काळा समुद्र बगळा उभा होता. तो एक पाय पुढे टाकून पिवळी बोटे पाण्यात थरथरवत होता, खडकाच्या कपारीत दडलेले मासे त्या हालचालीने बाहेर पडत होते आणि मान तेवढ्यात खाली जात होती. मी मोजत होते, त्या वेळात पाच वेळा मान खाली गेली आणि दोनदाच चोचीत काही आले. शिकारी प्राण्याचे यश आपल्याला सहसा दिसते, त्याचे चुकलेले घाव मात्र नजरेतून सुटतात. म्हणून ही मोजणी मला महत्त्वाची वाटली.

पुढे ताटाएवढ्या एका डबक्यात समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा एक शिकारी प्राणी, उमललेले होते. कोळंबीचे नखाएवढे, काचेसारखे पारदर्शक पिल्लू तळाशी चाचपडत त्याच्याजवळ आले, त्याची एक मिशी समुद्रफुलाच्या एका शुंडेला, म्हणजे पाकळीसारख्या लवचीक बाहूला, लागली आणि ते जागीच झटकले गेले. पळण्यासाठी त्याने शेपटी आखडली, पण तोवर आणखी तीन-चार शुंडा त्याच्यावर वाकल्या होत्या. शुंडेच्या कातडीत सूक्ष्म डंखपेशी असतात आणि प्रत्येक पेशीत गुंडाळलेली, विषारी नळी प्रचंड दाबाखाली कोंडलेली असते. स्पर्श होताच ती उलटून बाहेर फेकली जाते. समुद्रफुलाचा गोड्या पाण्यातला नातलग म्हणजे हायड्रा. त्याच्या डंखपेशीचा हा स्फोट जर्मन संशोधकांनी २००६ मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपला, तेव्हा त्यातला सर्वांत वेगवान टप्पा अवघा ७०० नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी भरला. मला दिसत होते ते त्यानंतरचे सावकाश काम: शुंडा एकेक करून आत वळत होत्या, मधले तोंड रुंदावत होते, आणि चारेक मिनिटांनी पिल्लाच्या डोळ्यांचे दोन काळे ठिपके तेवढे बाहेर उरले होते. पुढे बराच वेळ माझा पाय त्या डबक्यापासून हलला नाही.

पाण्याच्या कडेला एक कोळीण कालवे फोडत बसली होती. पिशवीतला शिंपला दाखवून मी विचारले, “मावशी, असं भोक पाडणारा इथे कुठे दिसेल?” तिने तो बोटांत फिरवून पाहिला. “हा रेतीतला शिंपला, बाय. पण कालवांना खाणारा हवा असेल तर तो बघ. तो आमच्या आधी येतो. त्याचं खाऊन झालेलं कालव फोडलं, तर आत नुसता चिखल.”

तिने दाखवलेली गोगलगाय बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी होती, शंखावर बोथट गाठी, रंग खडकाचाच. ती एका कालवाच्या वरच्या शिंपीवर घट्ट चिकटून बसली होती. भिंग लावूनही हालचाल दिसेना, कारण जे काही चालले होते ते तिच्या पायाखाली. पायातल्या एका ग्रंथीचा आम्लयुक्त स्राव शिंपीवर धरून ती कवच मऊ करते, मग बारीक दातांच्या पट्टीसारख्या जिभेने तेवढाच थर खरवडते, पुन्हा स्राव, पुन्हा खरवडणे. जाड शिंपीला आरपार भोक पडायला कित्येक तास, कधी काही दिवसही लागतात. त्यानंतर सोंडेसारखे तोंड आत सरकवून ती मांस खाते. शेजारच्या एका रिकाम्या शिंपीवर असे पूर्ण झालेले भोक होते, त्याच्या कडा जवळजवळ सरळ उतरलेल्या. माझ्या शिंपल्याचे भोक निमुळते होते, कारण ते वाळूत राहणाऱ्या चंद्रगोगलगाईच्या कुळाचे काम. ती सावज आपल्या रुंद पायात पूर्ण लपेटून घेते आणि मग कोरते. कोळिणीला हे भिंगाशिवाय कळले होते.

सूर्य बुडाल्यावर टॉर्च लावली. एका सपाट दगडावर तळहाताएवढे काहीतरी तपकिरी पसरलेले होते आणि त्यावर प्रकाश पडताच त्याचा रंग उडून ते पांढुरके झाले. तो अष्टपाद, म्हणजे ऑक्टोपस, होता. भुजांमधला पडदा छत्रीसारखा उघडून त्याने अख्खा दगड झाकला होता आणि भुजांची टोके खालच्या फटींत शिरून खेकडे चाचपत होती. त्याच्या भुजांवरचे चूषक, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाट्या, स्पर्शातूनच चव ओळखतात, त्यामुळे आत काय आहे हे पाहण्याची त्याला गरज नसते. मी टॉर्च बाजूला वळवली, तेव्हा त्याचा तपकिरी रंग हळूहळू परतला.

सातच्या सुमारास पाणी पुन्हा चढू लागले. कोळीण डोक्यावर टोपली घेऊन निघून गेली होती. परतताना मी त्या कालवाजवळ थांबले. मी पहिल्यांदा पाहिल्याला दीड तास उलटला होता, पण गोगलगाय तसूभरही सरकलेली नव्हती. पहिली लाट तिच्यावरून गेली, दुसरी गेली, मग ती पूर्ण पाण्याखाली आली आणि टॉर्चच्या उजेडात, त्याच जागी चिकटलेली, मला दिसत राहिली.