तुम्ही विचारलंत म्हणून: चिमूरला अहिंसा कुठं गेली होती?

ताडोबाच्या कोलारा गेटकडं जाणारे पर्यटक आमच्याकडं जेवायला थांबतात. पाटोडीचा रस्सा, भात, ज्वारीची भाकर. वाघ दिसला की नाही हे बोलून झालं की त्यांच्यातला एखादा वाचणारा हमखास विचारतो, "ताई, बेचाळीसची चळवळ तर गांधीजींची. मग तुमच्या चिमूरला अधिकारी कसे मारले?" बहुतेकांच्या विचारण्यात खोच नसते. काहींच्या असते. वाढता वाढता दोन वाक्यांत उरकावं असं हे उत्तर नाही, म्हणून लिहिते आहे.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि ९ तारखेच्या पहाटे गांधीजींसकट मोठे पुढारी उचलले गेले. आता काय करायचं आणि कुठं थांबायचं, हे सांगणारं बाहेर कुणी उरलंच नाही. लोक हे विसरतात. चिमूर तेव्हा चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या वरोरा तहसिलीत होतं, जंगलाला लागून. पण बातमी पोचली, आणि ती पोचायच्या आधीच इथली माणसं तयार होती. तुकडोजी महाराजांनी तरुणपणी याच भागात, गोंदोड्याच्या रानात तप केलेलं. त्यांची खंजिरी इथल्या गावागावांत वाजलेली. दारू, शिवाशीव आणि पारतंत्र्य यांना ते एका दमात झोडपायचे, त्यामुळं स्वराज्य ही शहरातल्या वकिलांची भानगड आहे असं इथं कुणाला वाटत नव्हतं. सरकारलाही ते बरोबर उमजलं असावं. २८ ऑगस्टला त्यांनी महाराजांना चांद्यात पकडलं आणि डिसेंबरात सोडलं.

१६ ऑगस्टला नागपंचमी होती. नागपंचमीला आमच्याकडं काही चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत, शेतात औत नेत नाहीत. गावच्या गाव मोकळं. मिरवणूक निघाली, पोलिसांनी अडवली, गोळी चालली. बालाजी रायपूरकर नावाचा पोरसवदा मुलगा त्यात गेला. मग जमाव डाक बंगल्याकडं वळला. बंगल्याला आग लागली. उपविभागीय दंडाधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे, सर्कल इन्स्पेक्टर जरासंध आणि एक शिपाई असे चौघं त्या दिवशी मारले गेले. चौघंही देशी. गोरा एकही नव्हता.

ही अहिंसा होती असं मी म्हणणार नाही. आमच्याकडच्या भाषणांत गोळीनंतर एकदम "आणि चिमूर स्वतंत्र झालं" असं म्हणून पुढं सरकतात, ते मला पटत नाही. गोळी आधी चालली हे खरं. पोरगं पडलेलं बघून माणसं भडकणार हेही खरं. पण घेरलेल्या माणसाला मारणं हे मारणंच. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीलाही तेच घडलं. ठाण्यावर झेंडा लावायला लोक गेले, गोळीबारात गावकरी पडले, मग पोलीस मारले गेले. त्या गावाचं नाव आज 'आष्टी शहीद' असंच लिहितात, आणि तिथं स्मृतिदिन नागपंचमीच्या तिथीला पाळतात.

इथपर्यंत तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं. माझं म्हणणं इथून पुढं आहे.

माझी आजेसासू चिमूरची. बेचाळीस साली तिचं नुकतंच लग्न झालेलं. सोळा तारीख ती रंगवून सांगायची. कुणी कुठली झाडं तोडून रस्त्यावर आडवी पाडली, मोटार येऊ नये म्हणून मोऱ्या कशा खणल्या, पोट्टे झाडावर चढून पहारा कसा देत. तीन दिवस गावात सरकार नव्हतं, ते सांगताना ती म्हातारपणीही पदर सावरून ताठ बसायची. आणि मग म्हणायची, "मंग पलटन आली. मंग दंड बसला. आमचा पितरी गुंड गेला त्याच्यात." गुंड म्हणजे पाणी भरायचं पितळी भांडं.

पलटण आली आणि दंड बसला, या दोन वाक्यांच्या मध्ये काय झालं ते तिनं कधीच सांगितलं नाही. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाली, "काहून पायजे तुले? भाकर थाप."

ते मला पुढं वाचून कळलं. १९ ऑगस्टला फौज चिमूरला पोचली. पुरुषांना धरून नेलं, उरलेले रानात पळाले. घरात बायका, पोरं, म्हातारे. पुढचे दोन-तीन दिवस सोजीर घराघरांत शिरले, लुटालूट झाली, बायकांवर बलात्कार झाले. पाठोपाठ गावावर सामुदायिक दंड बसला. आमचा गुंड गेला तो त्यात.

हे जगाला कळलं कसं? तर बायकांनीच सांगितलं म्हणून. नागपूरहून रमाबाई तांबे, विमलाबाई देशपांडे यांच्यासारख्या बायका चिमूरला आल्या, घराघरांत बसल्या, आणि इथल्या बायकांनी त्यांना जे झालं ते सांगितलं. डॉ. मुंजेही येऊन पाहून गेले. ते हिंदुमहासभेचे, बेचाळीसच्या चळवळीत नसलेले. पण चिमूरचे हाल त्यांनीही बाहेर मांडले. १९४२ सालचं खेडं डोळ्यांसमोर आणा. नवरा तुरुंगात, सासू घरात, शेजारी भिंतीला भिंत लावून. अशा गावात परक्या बाईपुढं तोंड उघडायचं म्हणजे काय, हे मी पर्यटकांना कसं सांगू? माझी आजेसासू तर नातसुनेपुढंही बोलली नाही.

सरकारनं चौकशी नाकारली. तेव्हा सेवाग्रामचे जयकृष्ण भणसाळी उठले. हा विलक्षण माणूस. कधीकाळी प्राध्यापक, मग मौन नीट पाळता यावं म्हणून तांब्याच्या तारेनं ओठ शिवून घेतलेला. बापूजी अणे आपल्या वणीचे, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. भणसाळी दिल्लीला त्यांच्या दारात जाऊन बसले. चिमूरला चला, चौकशी करा, एवढंच मागणं. पोलिसांनी त्यांना सेवाग्रामला आणून सोडलं, तर ते उपाशीपोटी पायी चिमूरकडं निघाले. पुन्हा पकडलं, पुन्हा आणून सोडलं. उपास ६३ दिवस चालला. त्याची बातमी छापायलाच सरकारनं बंदी घातली, तेव्हा निषेध म्हणून ६ जानेवारी १९४३ ला देशातल्या कितीतरी वर्तमानपत्रांनी अंक काढला नाही. १२ जानेवारीला उपास सुटला. बातम्यांवरची बंदी उठली. चौकशी झाली नाही ती नाहीच.

आता सांगा, अहिंसा कुठं गेली होती? १६ तारखेला ती डाक बंगल्यावर नव्हती, मान्य. पण नंतर ती इथंच होती. जबाब देणाऱ्या बायकांत होती, भणसाळींच्या उपासात होती. फाशीची शिक्षा झालेल्या चिमूर-आष्टीच्या माणसांसाठी नागपूरच्या काँग्रेस पुढारी अनसूयाबाई काळे धावपळ करत होत्या, त्यातही होती. गांधीजींनी स्वतः या कैद्यांसाठी शब्द टाकला. १९४५ मध्ये फाशीची जन्मठेप झाली आणि पुढं माणसं सुटून घरी आली.

दर १६ ऑगस्टला चिमूरला मंडप पडतो. गाड्या येतात, हुतात्म्यांना हार चढतात, चिमूर क्रांती जिल्हा झालाच पाहिजे अशी घोषणा होते आणि गाड्या परत जातात. (जिल्हा व्हावा हे माझंही मत आहे. जिल्ह्याच्या कामाला चंद्रपूर गाठायचं म्हणजे दिवस मोडतो.) पण भाषणं १६ तारखेवरच थांबतात, माझ्या आजेसासूसारखीच. तिला थांबायचा हक्क होता. माइकवर बोलणाऱ्यांना तो आहे असं मला वाटत नाही.

त्या बायकांची नावं स्मारकावर कोरा असं मी म्हणत नाही. त्यांनी ती सगळ्यांसमोर यावीत म्हणून सांगितली नव्हती. पण १९ तारखेला शाळेत पोरांना एवढं तरी सांगा, की पलटण आल्यावर गावातल्या बायकांनी जबाब दिले, आणि त्यामुळं दिल्लीच्या सरकारला बातम्या दाबायची वेळ आली. तुमच्यापैकी कुणी पुढच्या वेळी कोलाऱ्याला आलात तर वाटेत चिमूरच्या स्मारकाशी थांबा, आणि तिथं जो भेटेल त्याला एकोणीस तारखेचंही विचारा.